बेटावर राहिलाय का कधी? (शेवटची फेरी, पूल आणि इतर भानगडी)

खाडीकाठ

नमस्कार मंडळी,

मागच्या आठवड्यात जुन्या गोव्यात एका लग्नाला गेलो होतो. जेवणं झाल्यावर वऱ्हाड चर्च बघायला गेलं आणि मी व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ धक्क्यावर. फेरी लागलेलीच होती. काम काही नव्हतं, तरी दिवाडीला गेलो, पलीकडे एक चहा घेतला आणि परतीच्या फेरीनं आलो. बायकोनं विचारलं, "होतास कुठे?" म्हटलं, "घरी जाऊन आलो."

त्याचं असं आहे, की वीसेक वर्षांपूर्वी नोकरीपायी मी पणजीत तीन वर्षं काढली. शहरातलं भाडं झेपेना, तेव्हा एका सहकाऱ्यानं दिवाडीवर पिएदादला एका घराची मागची खोली मिळवून दिली. मांडवीच्या मधोमध बेट. पूल तेव्हाही नव्हता, अजूनही नाही. जुनं गोवं, रायबंदर आणि वर नार्वे अशा तीन बाजूंनी फेऱ्या. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही.

पहिले दोन महिने मी त्या फेरीला फक्त शिव्या घातल्या. मग हळूहळू तिचा फायदा कळायला लागला. संध्याकाळी साडेपाचला साहेब फाइल घेऊन आले की बाकीच्यांना कारणं शोधावी लागत. मी नुसतं "फेरी" म्हणायचो. फेरीत डॉक्टर, पोदेर (पाववाला), शाळेची पोरं, मासळीची पाटी, नवी कोरी मोटारसायकल आणि तिचा घाबरलेला मालक, सगळे एकाच लोखंडी पत्र्यावर. दहा मिनिटांत गावच्या बातम्या पाठ. खाजनातली (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या खारजमिनीतली) भातशेती, बांधावर बगळे, टेकडीवर चर्च. आणि रात्री शेवटची फेरी गेली, की आता बेटावर कोणी येणार नाही आणि आपणही कुठे जाणार नाही. तशी झोप मला नंतर कुठल्याही फ्लॅटमध्ये लागलेली नाही.

तर प्रश्न: तुमच्या डोक्यातून न गेलेलं बेट कुठलं? राहिलेले असाल तर उत्तम, नुसते गेला असाल तरी चालेल. 'तीन रात्री चार दिवस, नाश्ता धरून' छापाची यादी मात्र नको.

आणि माझं एक मत: पूल झाला की बेट संपलं. भांडायचं असेल तर भांडा.

---

रिकामटेकडी

रुमाल टाकून ठेवते, रात्री लिहीन. तोवर एवढंच, की फेरीत उभ्यानं गरम पोय (गोव्याचा पाव) खाल्ली नसेल तर तुमची तीन वर्षं धरली जाणार नाहीत.

---

बोरकूट

आमच्या कोपरगावात गोदावरीकाठी 'बेट' नावाचाच भाग आहे. शुक्राचार्यांचं देऊळ आहे तिथे. पाचवीत 'मी पाहिलेले बेट' या निबंधात मी तेच लिहिलं होतं. गुरुजींनी विचारलं, चारही बाजूंना पाणी आहे का? मी म्हटलं, एका बाजूला नदी, बाकी ऊस. भोपळा मिळाला. आज इथे अपील करतोय.

---

अवांतर_आजोबा

बोरकूट, अपील मंजूर. मराठीत बेट बांबूचंही असतं, त्याला कोणी पाणी मागत नाही.

अवांतर: कोकणात आणि गोव्यात बेटाला खरा शब्द 'जुवें' किंवा 'जुवा'. गोव्यातल्या सांत इस्तेव्ह बेटाला लोक नुसतं 'जुवें' म्हणतात. तिथली लांब, फिकट हिरवी भेंडी बाजारात नावानं विकली जाते. मुंबईचं जुहू हाही त्याच शब्दाचा भाऊबंद मानतात. पोर्तुगीज त्याला जुवें म्हणत आणि तेव्हा ती साष्टीच्या पश्चिमेला वाळूची अरुंद पट्टीच होती. त्यामुळे जुहूला बंगला असलेला प्रत्येक नट कागदोपत्री बेटवासी आहे.

---

तिसरी_मुंबई

नटच कशाला, इथले निम्मे सभासद बेटवासी आहेत. कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. सात बेटं. १६६१ च्या लग्नाच्या तहात पोर्तुगिजांनी इंग्रजांच्या राजाला दिली आणि त्यानं १६६८ मध्ये वर्षाला १० पौंडांवर कंपनीला. आज १० पौंडांत वरळीला दुचाकी तरी उभी करता येते का बघा.

धागाकर्त्याच्या मताशी असहमत. पूल नसते तर मुंबई म्हणजे सात कोळीवाडे आणि मधे चिखल. माहीमची खाडी ओलांडताना होड्या बुडायच्या, लोक मरायचे. सरकार पैसा देईना, तेव्हा लेडी जमशेटजी म्हणजे आवाबाई जीजीभॉय यांनी १,५७,००० रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीम कॉजवे खुला झाला. जाणाऱ्या-येणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही, ही त्यांची अट. मी रोज त्या रस्त्यावर गर्दीत अडकतो आणि रोज त्यांना मनातून नमस्कार करतो. आधी शिवी, मग नमस्कार.

---

शेवग्याची_शेंग

@तिसरी_मुंबई, २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी. मी साकीनाक्याहून घरी चालत निघाले, कमरेएवढं पाणी, रात्र एका अनोळखी कुटुंबाच्या जिन्यात काढली. त्या रात्री मुंबई परत बेट झाली होती, सात नव्हे, सातशे. त्या घरातल्या आजींनी आम्हा अकरा जणांना पिठलं-भात वाढला. माझ्या आठवणीतलं बेट म्हणजे तो जिना. धाग्यात बसतं का माहीत नाही.

---

खाडीकाठ

बसतं. बसायलाच हवं.

---

नायगाव_फास्ट

विरार लोकलनं जाणाऱ्यांनो, भाईंदर सोडल्यावर खाडीवरचा पूल लागतो, मग मधेच थोडी जमीन, मिठागरासारखं काहीतरी, चार घरं दिसतात, आणि परत पूल. ती मधली जमीन म्हणजे पाणजू. माझं आजोळ. रोज लाखो लोक आमच्या गावावरून जातात आणि गाडी तिथे थांबत नाही.

आजोळी जायचं म्हणजे नायगाव कोळीवाड्याच्या धक्क्यावरून होडी. होडी चुकली की मामा रेल्वेच्या पुलावरून चालत आणायचा. असं चालणं बेकायदा हे मोठेपणी कळलं, तेव्हा फक्त एवढं ठाऊक होतं की गाडीचा आवाज आला की कठड्याला चिकटायचं आणि डोळे मिटायचे. पुलावरून जाणाऱ्या गाड्यांतून लोक निर्माल्याच्या पिशव्या खाडीत भिरकावतात. भक्तिभावानं, डोळे मिटून. त्या दरवेळी खाडीतच पडतात असं नाही. मामीच्या पाठीत एकदा नारळ बसला होता. आम्ही त्यावर वर्षभर हसलो, ती दोन महिने वाकून चालत होती. तुमच्यापैकी कोणी टाकत असेल तर कृपा करून टाकू नका, खाली माणसं असतात.

खाडीकाठ, तुमचं लिखाण आवडलं, पण मताबद्दल बोलायचं तर माझ्या आईचा जन्म होडीत झालाय. हौसेनं नाही. आजीला कळा लागल्या तेव्हा ओहोटी होती, होडी चिखलात रुतली. आई आजही म्हणते, माझ्या जन्मगावाच्या रकान्यात 'खाडी' लिहा. ती हसत म्हणते. आजी ही गोष्ट सांगताना कधी हसली नाही.

---

रिकामटेकडी

बाप रे. माझा पोयवाला विनोद मागे घेते.

---

मालवणी_खाजा

सिंधुदुर्गाचो विषय कोणी काढूक नाय? मीच काढतंय.

आमच्या मालवणच्या समोर कुरटे बेट. महाराजांनी १६६४ मध्ये किल्ल्याचं काम सुरू केलं, तीन वर्षांत उभा. आत शिवराजेश्वराचं देऊळ, राजाराम महाराजांनी बांधलेलं. महाराजांच्या हाता-पायाचे ठसे. हे सगळं गाइड सांगतात. पण मला कायम नवल वाटतं ते दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींचं. चहूकडे खारं पाणी आणि आत गोडं. किनाऱ्यावरच्या आमच्या विहिरीला उन्हाळ्यात मचूळपणा येतो आणि समुद्रात बसलेल्या किल्ल्यावर पाणी गोड! जागा निवडणाऱ्यानं आधी पाणी चाखलं असणार, मग दगड.

किल्ल्यात अजून थोडी घरं आहेत. पावसाळ्यात प्रवासी बोटी बंद. त्या घरांतला एक मुलगा माझ्या वर्गात होता. मे संपत आला की त्याच्या घरी तांदूळ, डाळी, काड्यापेट्या, सुकं असं सगळं भरायची घाई. शाळा जूनमध्ये सुरू, तेव्हा तो मालवणात मावशीकडे राही. किल्ला समोर दिसायचा, आईनं वाळत घातलेली लुगडी दिसत नसत, पण तो दिसतात म्हणायचा. आम्ही चिडवायचो. आता वाटतं, चिडवायला नको होतं.

---

दर्यासारंग_नव्हे

जंजिऱ्यापुढे सगळे फिके. राजपुरीहून शिडाच्या होडीनं जायचं, दरवाजा शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. कलाल बांगडी तोफ. आत गोड्या पाण्याचे तलाव. आणि शेवटपर्यंत अजिंक्य.

---

मालवणी_खाजा

अजिंक्य मान्य. पण होडीत माणसं कोंबतात ती बघून सिद्दीपण घाबरलो असतो.

---

अवांतर_आजोबा

जंजिरा घेण्यासाठी संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये किनाऱ्यापासून समुद्रात दगडांचा सेतू टाकायला सुरुवात केली होती. मोगल कोकणात उतरले म्हणून काम अर्धं राहिलं. म्हणजे 'पूल झाला की बेट संपलं' हे खाडीकाठांच्या आधी जवळजवळ साडेतीनशे वर्षं कुणाच्या तरी ध्यानात आलं होतं, फक्त हेतू वेगळा.

---

खाडीकाठ

आजोबा, या वाक्यासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं.

---

वेधशाळा

बरेच दिवस इथे नुसता वाचक आहे, आज लिहितो. हवामान खात्यात होतो. दीड वर्ष मिनिकॉयला काढलं.

लक्षद्वीप म्हटलं की लोकांसमोर निळं पाणी येतं. ३६ बेटं, त्यातल्या १० वर वस्ती, सगळ्यांची मिळून जमीन ३२ चौ. किमी. म्हणजे आमच्या तालुक्यातल्या दोन-तीन गावांची शिवारं. त्यात मिनिकॉय सगळ्यांत दक्षिणेला, बाकीच्या बेटांपासून तुटलेलं. मधे नऊ अंशांची खाडी (अक्षांशावरून नाव पडलेला समुद्राचा पट्टा), खाली आठ अंशांची, आणि तिच्या पलीकडे मालदीव. म्हणून भाषासुद्धा मल्याळम नाही, महल. मालदीवच्या धिवेहीची बहीण. लिपी थाना, उजवीकडून डावीकडे. मी पहिल्याच आठवड्यात दुकानाची पाटी डावीकडून वाचायचा प्रयत्न करत उभा होतो. दुकानदारानं माझे खांदे धरून मला दुसऱ्या टोकाला नेऊन उभं केलं. बोलला काही नाही.

कोचीहून जहाज. वारा वाढला की जहाज खोल पाण्यात थांबतं आणि माणसं लहान बोटीत उतरवतात. लाट वर आली की सांगतात "आता", आणि तुम्ही उडी मारायची. विचार केलात तर लाट खाली जाते. माझ्या आधीचे साहेब विचार करणाऱ्यांपैकी होते, त्यांनी चष्मा अरबी समुद्राला वाहिला.

मासेमारी बघण्यासारखी. आधी खाजणीत बारीक जिवंत मासे पकडायचे, ते पाण्यासकट होडीच्या पोटात ठेवायचे, बाहेर समुद्रात ट्यूनाचा थवा दिसला की ते उधळायचे आणि पाण्याचे फवारे मारायचे. ट्यूना खवळून वर येतो. मग काठी, दोरी आणि बिनकाट्याचा गळ (म्हणजे मासा होडीत आपटला की आपोआप सुटावा असा). एकामागून एक मासा हवेतून उडत येतो. जाळं नाही. उरलेला मासा उकडून, धुरावर धरून, उन्हात लाकडासारखा कडक करतात, त्याला मासमीन म्हणतात. माझ्या बॅगेत एक तुकडा होता. विमानतळावर तपासणाऱ्यानं हातात घेऊन विचारलं, "हे कसलं हत्यार?"

पाण्याचं मालवणी_खाजा म्हणाले, त्यावर सांगतो. प्रवाळाच्या बेटावर पावसाचं पाणी सच्छिद्र जमिनीत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण गोडं पाणी हलकं. दुधावरच्या सायीसारखा थर. हातानं शेंदलं तर वर्षानुवर्षं पुरतं. मोटार लावून उपसलं की साय फाटते आणि खालून खारं वर येतं. एकदा आलं की जाता जात नाही. आमच्या क्वार्टरच्या विहिरीवर मोटार बसवायचं ठरलं, तेव्हा शेजारची म्हातारी येऊन विहिरीच्या कठड्यावर बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. मोटार बसली नाही.

झोपेबद्दल खाडीकाठांनी लिहिलंय ते तंतोतंत. पण मला तिथे दुसरीही एक रात्र आठवते. सहकाऱ्याच्या छातीत दुखायला लागलं. हेलिकॉप्टर सकाळीच येऊ शकणार होतं. रात्रभर आम्ही चौघं त्याच्या उशाशी, आणि बाहेर १८८५ सालच्या दीपगृहाचा झोत येतोय, जातोय, येतोय. तो वाचला. पण त्या रात्री मी बोटीवरून उडी मारून पोहत घरी जायला तयार होतो.

---

शेवग्याची_शेंग

वेधशाळा, इतके दिवस गप्प बसल्याबद्दल दंड म्हणून मिनिकॉयवर वेगळा लेख. कठड्यावर बसलेली म्हातारी डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

---

गुपचूपगिरी

फोटो टाकलेत का? मला कुणाचेच दिसत नाहीयेत.

---

रिकामटेकडी

कुणी टाकलेच नाहीत. :)

माझं बेट आता लिहिते. मॉरिशस. हनिमून नाही, नवऱ्याची नोकरी, चार वर्षं. आधी वाटलं होतं, ऊस, समुद्र आणि फ्रेंच. पहिल्या भाद्रपदात शेजारच्या बाईंनी बोलावलं. सासूबाई ऐंशीच्या, घरात सगळे क्रिओल बोलतात, मला बसायला सांगितलं तेही क्रिओलमध्ये. मग आरती सुरू झाली. "सुखकर्ता दुःखहर्ता", शब्दन् शब्द, आमच्यापेक्षा जरा लांबवलेल्या चालीत. आजी डोळे मिटून म्हणत होत्या आणि त्यांच्या नातवाच्या हातात रोमन अक्षरांत लिहिलेला कागद. मी म्हटलं, आजी, मराठी येतं? त्या हसल्या आणि नातवाला काहीतरी म्हणाल्या. त्यानं सांगितलं, "आजीला बोलता येत नाही, फक्त देवाशी येतं."

गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. १८३४ पासून ऊसमळ्यांवर करारानं मजूर नेले, त्यात रत्नागिरी, सावंतवाडीकडची माणसंही होती. पोर्ट लुईला 'आप्रवासी घाट' आहे, तिथल्या १६ दगडी पायऱ्या चढून ती बेटावर आली. मीही चढले. पायऱ्या अगदी साध्या, आपल्या कुठल्याही घाटाला शोभतील अशा. एक नाच असतो तिथे, झाकरी. घेर धरून, ढोलकी, झांजा. पाहिल्यावर मी रत्नागिरीच्या मामाला व्हिडिओ पाठवला. त्याचं उत्तर: "ही तर आपली जाखडी. पण यांचं पाऊल आपल्या पोरांपेक्षा बरं पडतं."

वादळाचे इशारे चार श्रेणींचे. तिसरा लागला की बससुद्धा बंद, घराबाहेर पडायचं नाही. आम्ही दोघं मेणबत्तीत बसलेलो असताना त्या आजींनी मागच्या दारानं मोदक पाठवले होते. इशारा लागलेला असताना! नातवाला विचारलं, कसा आलास? म्हणे, "आजीचा इशारा पाचव्या श्रेणीचा असतो."

---

बोरकूट

"फक्त देवाशी येतं." आता दिवसभर काम होणार नाही.

---

पहाटवारा

अंदमान. सेल्युलर जेल सगळे बघतात, सावरकरांची कोठडीही बघतात, आणि बघावीच. माझं लक्षात राहिलं ते मात्र घड्याळ. देशभर एकच वेळ, त्यामुळे मे महिन्यात पाचच्या आत लख्ख उजेड आणि डिसेंबरात ऑफिस सुटायच्या आधी अंधार. आमचे शेजारी मूळचे कराचीहून आलेल्या वडिलांचे, त्यांची बायको तमिळ, मुलं घरात हिंदी बोलणारी. पोर्ट ब्लेअरमध्ये (आताचं श्री विजयपुरम) "तुम्ही मूळचे कुठले?" या प्रश्नाचं उत्तर ऐकायचं तर चहा दोनदा लागतो.

---

मातीचे_पाय

समुद्राचीच बेटं चाललीत, नदीचं सांगतो. माजुली. ब्रह्मपुत्रेत. मोटारसायकलनं गेलो होतो, निमाती घाटावरून फेरी. गाड्या उतरवायला दोन फळ्या. फळी आणि फेरी यांमध्ये हातभर फट, आणि फळी धरणारा माणूस बिडी ओढतोय. माझ्या आयुष्यातला सर्वांत लांब हातभर.

शंकरदेवांच्या परंपरेतली सत्रं (वैष्णव मठ) आहेत तिथे. सामागुरी सत्रात बांबूच्या सांगाड्यावर माती, शेण आणि कापड चढवून मुखवटे करतात. रावणाचा मुखवटा घालून बघितला, दोन मिनिटांत मान दुखली. दहा तोंडं सांभाळणाऱ्याविषयी आदर वाटला.

पण हे बेट विरघळतंय. १९५० च्या भूकंपानंतर नदीचा तळ वर आला, पात्र पसरलं, आणि दरवर्षी काठ ढासळतो. एकेकाळच्या निम्म्यापेक्षाही कमी उरलंय. मी राहिलो ते मिसिंग जमातीच्या लोकांचं घर बांबूच्या खांबांवर होतं. मालकानं सहज सांगितलं, हे तिसरं. आधीची दोन नदीत. "मग इथून का जात नाही?" असं मी विचारलं. तो म्हणाला, नदीनं ज्या दिवशी हे नेलं, त्या दिवशी थोडं आत जाऊ.

पुलाचं भांडण तिथे वेगळ्याच पातळीवर आहे. पूल तर हवाच आहे, पण पूल होईस्तोवर पलीकडचं टोक जागेवर राहायला हवं.

---

तळटीप

घारापुरीत २०१८ साली वीज आली, समुद्राखालून केबल टाकून. गेटवेहून तासाभरावर, समोर अख्खी मुंबई लखलखतेय आणि शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर ही तिन्ही गावं त्याआधी जनरेटरवर, तेही रात्री ठरावीक तास. पर्यटक संध्याकाळच्या बोटीनं परततात, म्हणून हे कुणाला दिसलंच नाही. आपण त्रिमूर्ती बघतो, माकडानं पळवलेली बाटली बघतो, आणि परत येतो.

---

तिसरी_मुंबई

बेट द्वारकेचं कोणी लिहिलं नाही. सुदर्शन सेतू फेब्रुवारी २०२४ मध्ये झाला, २.३२ किमी. त्याआधी आईला बोटीनं नेलं होतं, तेव्हा चढताना आणि उतरताना चार माणसं लागली, ती दिवसभर थरथरत होती. यंदा गाडीनं थेट. आई म्हणाली, "देव जवळ आला रे." खाडीकाठ, तुमचं मत माझ्या आईच्या गुडघ्यांना सांगा.

---

पोदेर

नमस्कार. मी दिवाडीचा. नाव बघून कळलंच असेल, घरचा धंदा पावाचा. धागा तीन दिवस वाचतोय, म्हटलं आता लिहावंच.

खाडीकाठबाब, तुम्ही तीन वर्षं राहिलात आणि गेलात. ही तक्रार नाही. तुम्ही प्रेमानं लिहिलंय, आमच्या माईनं वाचून घेतलं तेव्हा ती खूश झाली. तिला तुम्ही आठवतही असाल, भाड्यानं राहणारे 'घाटी' आमच्याकडे मोजकेच. पण शेवटची फेरी गेल्यावर तुम्हाला जी झोप लागायची ना, त्याच वेळी आमच्या घरात कुणीतरी जागं असायचं. फेरी बंद असताना आजारी माणूस घेऊन धक्क्यावर उभं राहायचं म्हणजे काय, ते नायगाव_फास्टनं लिहिलंय, मी परत लिहीत नाही.

आता तुम्हाला वाटेल मी पुलाच्या बाजूचा. तसंही नाही. पूल आला की पाठोपाठ जमिनीचे दलाल येतील. खाजनाचे बांध आणि मानशी (पाणी आत-बाहेर सोडायची दारं) सांभाळायला आजच माणसं मिळत नाहीत, मग कोणी बघणार पण नाही. बांध फुटला की खारं पाणी शेतात, आणि कोरगुट भाताशिवाय दुसरं काही तग धरत नाही. आमच्या घरातच भांडण आहे: भाऊ म्हणतो पूल हवा, माई म्हणते नको, आणि मी ज्या दिवशी फेरीला तासभर उशीर होतो त्या दिवशी भावाच्या बाजूला असतो.

एक आजोबांसाठी. सप्तकोटेश्वर मूळचा आमच्या बेटावरचा. पोर्तुगिजांनी देऊळ पाडलं तेव्हा लोकांनी देव नदीपलीकडे नेला, डिचोलीच्या बाजूला, आणि शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. देवाबरोबर गावाचं नावही गेलं. नार्वे अलीकडे आणि नार्वे पलीकडे, मधे फेरी. म्हणजे आमच्याकडे देवालासुद्धा फेरी चुकलेली नाही.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी आमचा बोंदेरां उत्सव असतो. झेंडे, चित्ररथ, आणि पोरांच्या हातात बांबूच्या फोटाश बंदुका. या सगळ्यांनी. फेरीला रांग असेल, आधी सांगून ठेवतो.

---

खाडीकाठ

पोदेर, माईंना नमस्कार सांगा. त्या सकाळी सहाला खिडकीच्या गजाला पोयांची पिशवी लावून जाणाऱ्या माई का? मी महिन्याच्या हिशेबात एकदा अकरा रुपये कमी दिले होते आणि ते मला नंतर पुण्यात आठवले.

मत मागे घेत नाही, पण 'संपलं' हा शब्द मागे घेतो. मी तिथे तरुण होतो, एकटा होतो आणि आजारी पडलो नव्हतो. हे लिहायला हवं होतं.

---

पोदेर

तीच माई. विचारलं. म्हणते अकरा नव्हे, चौदा.

---

दर्यासारंग_नव्हे

व्याजासकट किती झाले?

---

गुपचूपगिरी

मी पुढच्या महिन्यात जातोय. फेरीत चारचाकी जाते ना? मागे-पुढे करावं लागतं का?

---

पोदेर

जाते. खलाशी हात करेल तसं करायचं, आपलं डोकं लावायचं नाही. आणि हँडब्रेक ओढा.